दुसरं बाळ पोटात असताना सुई नको : सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : जुळ्यांच्या बाळंतपणासाठी वेगळा लेखी आदेश काढण्याबाबत आणि लेबर रूममधले सरसकट उपचार थांबवण्याबाबत

मा. महोदय,

बाळ बाहेर आलं की मिनिटाच्या आत आईच्या मांडीत १० युनिट ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भपिशवी आवळणारं औषध, द्यायचं, हे लेबर रूममधल्या प्रत्येक सिस्टरच्या अंगवळणी पडलेलं आहे. ते योग्यच आहे. या सुईमुळे रक्तस्राव टळतो आणि बायका वाचतात. पण सुईच्या आधी एक पायरी आहे. पोटावर हात ठेवायचा आणि आत दुसरं बाळ नाही याची खात्री करायची. प्रशिक्षणात ती शिकवली जाते आणि घाईत नेमकी तीच गळते. सिरिंज आधीच भरून ट्रेमध्ये ठेवलेली असते, रात्रपाळीला एकच सिस्टर असते, बाळ रडतं आणि सुई जाते. आत दुसरं बाळ असेल तर गर्भपिशवी त्याच्याभोवती आवळते, वारेतून त्याला मिळणारं रक्त कमी पडतं, आणि ते आडवं असेल तर तिथेच अडकतं. पिशवी जास्त वेळ आवळून ठेवणारं मेथर्जिन दिलं गेलं असेल तर पिशवी सैल पडायला आणखी वेळ लागतो. तेवढा वेळ त्या बाळाकडे नसतो.

सोनोग्राफीत जुळं आधी कळतंच, असं मुंबईत बसून वाटेल. नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरची बाई मजुरीसाठी गुजरातेत जाते. नोंदणी एका ठिकाणी, सातवा महिना दुसऱ्या ठिकाणी, आणि कळा सुरू होतात तिसऱ्याच ठिकाणी. कार्ड कोरं असलं तरी हात आणि कान सांगतात. पोटाची उंची महिन्यांपेक्षा जास्त भरते, दोनपेक्षा अधिक मोठे भाग हाताला लागतात, ठोके दोन जागी वेगवेगळ्या गतीने ऐकू येतात. मात्र हे तपासायला लेबर रूममध्ये पाच मिनिटं मोकळी लागतात. ती मिळत नाहीत, कारण बाई दाखल झाल्याबरोबर ठरलेली कामं सुरू होतात : केस काढणं, एनिमा, सलाइन, उताणं झोपवणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८च्या शिफारशींत सरसकट केस काढणं आणि एनिमा नको म्हटलं आहे. बाळाची वाट रुंद करायला सरसकट चिरा नको, पोट दाबून बाळ ढकलणं नको, हेही सांगितलं आहे. ते मानलं तर दाखल बाईचं पोट नीट तपासायला वेळ उरतो.

जुळ्यांमध्ये सगळ्यात नाजूक वेळ असते ती दोन बाळांच्या मधली. पहिलं बाळ आलं की नाळेला दोन ठिकाणी क्लॅम्प लावून मधे कापायची आणि आईकडच्या टोकाचा क्लॅम्प तसाच घट्ट ठेवायचा. वार एकच असेल तर त्या टोकातून दुसऱ्या बाळाचं रक्त वाहून जाऊ शकतं. पहिली वार ओढायची नाही. एकीने लगेच दोन्ही हात पोटावर ठेवून बाळ उभं राहील असं धरायचं, दुसरीने बाळाचे ठोके ऐकायला डॉप्लर लावायचा, डॉक्टरांनी आतून तपासायचं. बाळाचं डोकं वर तरंगत असताना पाण्याची पिशवी फोडली की नाळ खाली घसरते. म्हणून डोकं खाली बसेपर्यंत थांबायचं. आडवं असेल तर बाहेरून फिरवून बघायचं. कळा मंदावल्या तर अडीच युनिट ऑक्सिटोसिन ५०० मिलीलिटर सलाइनमध्ये घालून मिनिटाला १० थेंबांनी सुरू करायचं आणि ठोके ऐकत वाढवायचं. १० युनिटची मांडीतली सुई दुसरं बाळ आल्यावरच, आणि तीही पोटात तिसरं नाही हे बघून.

इथे पोटावर ठेवलेला हात बाळाला धरून ठेवतो, ढकलत नाही. हा फरक आम्ही मुद्दाम लिहितो आहोत, कारण अनेक लेबर रूममध्ये कोपराने किंवा तळव्याने पोट दाबण्याची सवय इतकी रुजली आहे की मदतीला बोलावलेली व्यक्ती जुळ्यांमध्येही तेच करते. आधीच ताणलेली पिशवी त्याने फाटू शकते. कळा वाढाव्यात म्हणून बाळ होण्याआधी मांडीत ऑक्सिटोसिन देणं तर कुठल्याच बाळंतपणात मान्य नाही : शिरेतली ड्रिप बंद करता येते, मांडीत गेलेलं औषध परत काढता येत नाही.

दुसरं बाळ आल्यावर आईचा धोका वाढतो. मोठी झालेली पिशवी लवकर आकसत नाही आणि वारेची जागाही मोठी असते. नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, रक्त मुळातच कमी असतं, म्हणून तिथे इतरांना झेपेल तेवढा रक्तस्रावही झेपत नाही. म्हणून १६ किंवा १८ नंबरची शिरेतली सुई कळांमध्येच लावलेली हवी, रक्तगट तपासून रक्त कुठे आहे हे ठरलेलं हवं, रक्तस्राव थांबवणारं ट्रानेक्झामिक ॲसिड एक ग्रॅम हाताशी हवं, आणि पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी नाडी, रक्तदाब, रक्तस्राव बघायला कुणीतरी मोकळं हवं. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांतच टिकतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५च्या आसपास असतो. ट्रेमध्ये दिवसभर पडलेली कुपी ऐनवेळी निकामी ठरू शकते. लेबर रूमला बॅकअप असलेला फ्रीज ही इथे गरज आहे.

आता सिझेरियनबद्दल. जुळं म्हटलं की सरळ सिझेरियन, अशी रीत खासगी दवाखान्यांत वाढली आहे आणि सरकारी डॉक्टरांवरही तोच दबाव येतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात २५ देशांतल्या २,८०४ बायका होत्या. पहिल्या बाळाचं डोकं खाली असेल तर ३२ आठवड्यांनंतर ठरवून केलेल्या सिझेरियनने बाळांचा धोका कमी झाला नाही. अर्थात तिथे दुसरं बाळ हाताळू शकणारे डॉक्टर हजर होते, ही अट विसरून चालणार नाही. पहिलं बाळ आडवं किंवा पायाळू असेल, दोन्ही बाळं पाण्याच्या एकाच पिशवीत असतील, तर सिझेरियनच हवं. पण कारण नसताना पोटावर चिरा दिलेली बाई तोरणमाळच्या घाटातल्या पाड्यावर परत जाते. पुढच्या खेपेला तिच्या कळा सुरू होतील तेव्हा रस्ता असेलच असं नाही, आणि व्रणाची पिशवी १०८ची वाट बघत नाही.

बाळंतपणाआधी बाईची दवाखान्याजवळ राहायची सोय करणारी माहेरघर योजना चांगली आहे, पण ती तारखेच्या तोंडावर बाईला आणून ठेवते. जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक ३७ आठवड्यांआधीच जन्मतात, म्हणजे ती माहेरघरात पोचण्याआधीच. अशा बाईला ३४व्या आठवड्यापासून, तिच्या लहान मुलांसह आणि बुडालेल्या मजुरीसह, जागा द्या. माहेरघर एसएनसीयू (आजारी नवजात बाळांचा विशेष कक्ष) असलेल्या रुग्णालयाजवळ असेल तर उत्तम. ३४ आठवड्यांच्या आत कळा आल्या तर बाळाची फुप्फुसं तयार व्हायला मदत करणाऱ्या डेक्सामेथासोनचा ६ मिलिग्रॅमचा पहिला डोस आरोग्यसेविकेनेच देऊन रेफर करावं, हे केंद्राच्या सूचनांत आहेच; औषध उपकेंद्रावर आहे का, एवढंच तपासायचं आहे.

आमची मागणी अशी. जुळ्यांसाठी एक पानाचा वेगळा आदेश काढा, मराठीत, लेबर रूमच्या भिंतीवर लागेल असा. ‘सुईआधी पोट तपासा’ ही त्याची पहिली ओळ असू द्या. वार एक की दोन, हे ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत स्पष्ट दिसतं. ते माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिणं सक्तीचं करा, कारण एक वार असेल तर १६व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी लागते. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात दोन बाळांसाठी श्वास द्यायच्या दोन अँबू बॅगा, शून्य आणि एक नंबरचे मास्क, दोन वॉर्मर हवेत. रात्रपाळीला लेबर रूममध्ये किमान दोन प्रशिक्षित हात हवेत. जुळं असेल तर चार.

आणखी एक. केंद्राने डिसेंबर २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवेच्या, म्हणजे प्रशिक्षित परिचारिकांनी बाळंतपण करण्याच्या, मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातल्या १८ महिन्यांच्या प्रशिक्षणाच्या जागा धुळे, जळगाव आणि नंदुरबारसाठी राखून ठेवा, आणि पावरी, भिली, अहिराणी बोलणाऱ्या मुलींना त्यात प्राधान्य द्या. कळा देणाऱ्या बाईला ‘आत्ता जोर लावू नको, थांब’ हे तिच्या बोलीत सांगता आलं पाहिजे. तोपर्यंत तिच्यासोबत घरची एक बाई लेबर रूममध्ये असू द्यावी. लेबर रूम सुधारण्याच्या केंद्राच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात ही मुभा आहे. दारावरचा वॉचमन ती मानत नाही, म्हणून तिचाही लेखी आदेश हवा.

आपल्या विश्वासू,
खान्देशातील लेबर रूममध्ये काम करणाऱ्या परिचारिका व आरोग्यसेविका