चेन्नईतल्या मंडळीचे आभार

आम्ही मूळचे नगरचे. घरचं चर्च उत्तर भारताच्या मंडळीतलं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापना 1970), इथलं तमिळ चर्च दक्षिण भारताच्या मंडळीतलं (चर्च ऑफ साउथ इंडिया, स्थापना 1947). उपासनेचा क्रम बराचसा ओळखीचा, त्यामुळे कधी उठायचं, कधी बसायचं हे चटकन कळलं. खरी पंचाईत गाण्यांची. सुरांवर गुणगुणायचं तरी किती!

खडकीत नोकरी करून निवृत्त झालेल्या एका काकांनी तमिळ गीतं वहीत देवनागरीत उतरवून दिली. तमिळमधल्या ऱ्हस्व 'ए'वर लाल टिंब, दीर्घावर काही नाही. ही मेहनत कुणी सांगून करत नाही. काका, मनापासून आभार.

माझ्या सासूबाई बायकांच्या बाजूला एकट्याच बसायच्या. शेजारच्या आजी वाचन सुरू झालं की अध्याय आणि वचन बोटांनी दाखवतात, मग सासूबाई आपल्या मराठी पवित्र शास्त्रात ते काढतात. प्रभूची प्रार्थना त्या मराठीतच म्हणतात, तीही खणखणीत आवाजात. कुणी वळूनसुद्धा पाहत नाही. प्रवचनाचा सारांश हिंदीत लिहून मोबाइलवर पाठवणाऱ्या मुलीचेही आभार. तिचं हिंदी आमच्या तमिळपेक्षा कितीतरी बरं.

राहता राहिला कापणीच्या सणाला चर्चमध्ये अर्पण केलेल्या वस्तूंचा लिलाव. सासूबाईंच्या शेंगदाण्याच्या चटणीच्या डब्यावर बोली चढवत नेणारे ते गृहस्थ कोण, अजून कळलेलं नाही. पुढच्या वर्षी सासूबाई दोन डबे आणणार आहेत, पैसे तयार ठेवा.