‘गॅप’ या शब्दाने अंथरुणाला खिळवलेली माणसे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

१६ ऑक्टोबर हा दिवस जगभर मणका दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने मला एका शब्दाविषयी लिहायचे आहे. गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, पेडणे या भागांत कोणत्याही वाड्यावर जा, एका ना एका घरात कोणाची तरी कंबर धरलेली असते आणि काय झाले म्हणून विचारले तर उत्तर ठरलेले असते, ‘मणक्यात गॅप पडली आहे.’ हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे की, त्याचा अर्थ काय, हे कोणी विचारत नाही. वास्तविक दोन मणक्यांच्या मध्ये जागा ही जन्मतःच असते आणि त्या जागेत लवचिक गादी बसलेली असते. वयानुसार गादीतले पाणी कमी होते, ती थोडी चपटी होते आणि दोन मणके एकमेकांच्या जवळ येतात. म्हणजे बोलताना आपण अंतर पडले म्हणतो आणि शरीरात नेमके त्याच्या उलट, अंतर कमी झालेले असते. नुसता शब्द चुकीचा असता तर बिघडले नसते. पण ‘गॅप’ म्हटले की कणा मधोमध तुटला आहे आणि हललो तर आणखी तुटेल, असे चित्र मनात उभे राहते आणि माणूस हलायचे सोडून देतो. माझा आक्षेप त्या चित्राला आहे.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे, डॉक्टर नव्हे. जे लिहितो आहे ते स्वतः भोगले म्हणून आणि त्यानंतर हा विषय जमेल तितका समजून घेतला म्हणून. तीन वर्षांपूर्वी चतुर्थीच्या आदल्या दिवशी गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधताना नारळांची पाटी उचलायला वाकलो आणि कमरेत अशी उसण भरली की सरळ होता येईना. शेजारचा पायाळू मुलगा बोलावला गेला, त्याने पाय लावला. तेल झाले, शेक झाला. पायात कळ उतरत नव्हती, बधिरपणा नव्हता, तापही नव्हता. तरीही पाचव्या दिवशी घाबरून आम्ही स्वतःहून एमआरआय करून घेतला. अहवालात ‘एल-४, एल-५ येथे डिस्क बल्ज’, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी फुगलेली, आणि ‘डीजनरेटिव्ह बदल’, म्हणजे झीज, असे लिहिलेले होते. तो पाहून एका गृहस्थांनी, त्यांचे नाव घेण्याचे कारण नाही, मला सांगितले की मणका झिजला आहे, यापुढे वाकायचे नाही, उचलायचे नाही, जमिनीवर मांडी घालून बसायचे नाही. मी कमरेला पट्टा बांधून सहा आठवडे खाटेवर पडून राहिलो. भजनाला जाणे सुटले. पोटऱ्या इतक्या सैल पडल्या की न्हाणीघरापर्यंत जाताना भिंत धरावी लागे, आणि दुखणे मात्र जिथल्या तिथे होते.

पुढे सरकारी आरोग्य केंद्रातील एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीने माझा अहवाल वाचला, बाजूला ठेवला आणि विचारले, ‘सर, अंगणात तुळस आहे ना? आज वृंदावनाला तीन प्रदक्षिणा घाला. दुखेल, पण त्याने काही मोडणार नाही.’ पहिल्या दिवशी तीन, आठवड्याने अकरा, महिन्याने घरापासून देवळापर्यंत आणि परत. ‘काही मोडणार नाही’ या तीन शब्दांनी मला जितके बरे केले तितके गोळ्यांनी केले नाही, असे मी आजही मानतो.

त्या मुलीने मला जे समजावले ते प्रत्येक अहवालाच्या तळाशी छापले गेले पाहिजे, असे मला वाटते. २०१५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी, पाठ अजिबात दुखत नसलेल्या ३,११० माणसांच्या मणक्यांच्या तपासण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. विशीतल्या निरोगी माणसांपैकी ३७ टक्के लोकांत गादीची झीज दिसली आणि ऐंशीच्या घरात ते प्रमाण ९६ टक्क्यांवर गेले. माझ्या वयाच्या, म्हणजे साठीतल्या माणसांत गादी फुगलेली दिसण्याचे प्रमाण ६९ टक्के होते, आणि त्यांतल्या कोणाचीही पाठ दुखत नव्हती! केस पिकावेत तशा गाद्या झिजतात. केस पिकले म्हणून कोणी सहा आठवडे अंथरूण धरत नाही.

याचा अर्थ दुखणे खोटे असते असा मुळीच नाही. गादीचा आतला मऊ भाग बाहेरचे कडे फाडून नसेवर आला तर नितंबापासून पायाच्या बोटापर्यंत वीज चमकावी तशी कळ उतरते, तीच सायटिका. मानेत तसे झाले तर ती कळ हातात उतरते. पण यांतलीही बहुतेक दुखणी काही आठवड्यांत, शस्त्रक्रियेवाचून ओसरतात, कारण बाहेर आलेला भाग शरीर हळूहळू शोषून घेते. उतारवयात नसांचा मार्ग अरुंद होतो, त्याची तऱ्हा वेगळी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, थोडे चालून पाय भरून येतात म्हणून एखाद्या दुकानाच्या पायरीवर बसणारी आणि पुढे वाकून बसल्यावर दोन मिनिटांत बरी होणारी वयस्क माणसे आपण पाहतो. पायांतल्या रक्तवाहिन्यांच्या विकारातही असेच होऊ शकते. पण पुढे वाकल्याने आराम पडत असेल तर मणक्याचा विचार करावा लागतो. एकाच ‘गॅप’मध्ये आपण ही सगळी वेगवेगळी दुखणी कोंबतो.

आता चालण्याविषयी. मोठ्या माणसाच्या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. दाब पडला की तिच्यातून पाणी बाहेर जाते, दाब सुटला की परत आत येते आणि या ये-जा करण्यातूनच तिचे पोषण चालते. रात्री पडून राहिल्याने ती पाणी शोषून घेते, म्हणून सकाळी उठताना आपण रात्रीपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो. याच कारणाने पहाटे उठल्याउठल्या ती ताठ भरलेली असते आणि वाकणे तिला जड जाते. आपल्या बायका मात्र अंथरुणातून उठतात त्या थेट आखूड केरसुणी घेऊन, कमरेत वाकून अंगण झाडायला लागतात. ज्यांची कंबर दुखरी आहे त्यांनी हे काम तासभर पुढे ढकलले किंवा केरसुणीला लांब दांडा बांधून घेतला, तरी पुष्कळ फरक पडतो. माझ्या पत्नीने बांबूचा दांडा बांधला आहे, खर्च शून्य.

ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्यांना हळूहळू वाढवत नेलेले चालणे आणि त्यासोबत दुखण्याची नीट माहिती दिली गेली. ज्यांना हे मिळाले नाही त्यांच्यापैकी निम्म्यांचे दुखणे ११२ दिवसांच्या आत उलटले, चालणाऱ्यांपैकी निम्म्यांचे उलटायला २०८ दिवस लागले. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत व्यायाम आणि रुग्णशिक्षण यांची शिफारस आहे, तर कमरेचे पट्टे आणि वजन लावून ओढणे हे नेहमीचे उपचार म्हणून करू नयेत असे म्हटले आहे. अस्थिभंग किंवा शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टरांनी दिलेला पट्टा निराळा. तो कोणी माझे पत्र वाचून सोडू नये. पण औषधाच्या दुकानातून स्वतःच आणून बांधलेला पट्टा मी स्वतः वापरला आहे, आणि त्याच्या आधाराची सवय होऊन हललो तर मोडेन ही भीती कशी पक्की होते, ते मी जाणतो.

आपल्या गोव्यातल्या कामांकडे पाहिले तर प्रत्येकाचे ओझे वेगळे आहे. लावणीच्या दिवसांत तासन्‌तास चिखलात वाकून राहणे, काजूच्या हंगामात डोंगरउतारावर बोंडू वेचणे, आदोळीवर बसून एकामागून एक नारळ किसणे, हॉटेलांत दिवसाला कितीतरी जड गाद्या उचलून चादरी बदलणे, कॅसिनोत रात्रभर उभे राहणे, डिचोलीहून पणजीला रोज दुचाकीने जाणे. यांतले कोणतेही काम ‘करू नका’ असे सांगणे हा कष्टकऱ्याचा अपमान आहे, कारण ते त्याचे पोट आहे. सांगायचे ते असे, की एकाच अवस्थेत अर्ध्या-पाऊण तासाहून अधिक राहू नये. लावणी करणारीने ओळ संपली की उभे राहून हात कमरेवर ठेवून चार वेळा मागे झुकावे, आदोळीवर बसणारीने दोन नारळांनंतर उठून एक फेरी मारावी. ओझे उचलताना ते अंगाशी घ्यावे आणि उचललेले असताना कमरेत पीळ देऊ नये, आधी पाय वळवावेत. मी त्या दिवशी पाटी हात लांब करून, अंग वळवून उचलली होती. हॉटेलचालकांनी गादीच्या कामाला दोन माणसे दिली तर त्यांचेच रजेचे दिवस वाचतील.

मानेचे म्हणाल तर आपले डोके साधारण साडेचार-पाच किलोचे असते. न्यूयॉर्कमधील एका मणकाशल्यविशारदाने २०१४ मध्ये गणित मांडले होते की, ते साठ अंशांत पुढे झुकवले तर मानेवर सुमारे २७ किलोइतका भार येतो. हे गणित आहे, प्रत्येक झुकलेली मान दुखेलच असा त्याचा अर्थ नाही. पण फोन डोळ्यांच्या पातळीला धरणे आणि मधेच मान वळवून, खांदे फिरवून घेणे यात कष्ट काय? मुलांच्या बाबतीत मला अधिक बोचते. मी शिक्षक असताना कितीतरी वेळा पीटीचा तास गणिताच्या उजळणीसाठी घेतला. आज मी तसे करणार नाही, आणि सेवेत असलेल्या माझ्या सहकाऱ्यांनीही करू नये, अशी त्यांना विनंती आहे.

इतका वेळ घाबरू नका म्हणून लिहिले. आता जिथे एक क्षणही थांबू नये ते लिहितो, कारण माझ्या मावसभावाच्या बाबतीत आम्ही थांबलो. २०१८ मध्ये खाणी बंद होईपर्यंत तो टिपर चालवत असे. हादरे खाऊन त्याची कंबर कायमच दुखरी होती, म्हणून या वेळी दुखणे वाढले तेव्हा कोणाला विशेष वाटले नाही. मग त्याची लघवी अडू लागली. उन्हाळी लागली असेल म्हणून घरच्यांनी शहाळ्याचे आणि धणे-जिऱ्याचे पाणी दिले. बैठकीचा भाग, सायकलच्या सीटला टेकतो तेवढाच, बधिर झाला होता. पण ते सांगायची त्याला लाज वाटली. असे तीन दिवस गेले. मणक्याच्या तळाशी नसांचा जो झुपका असतो तो संपूर्ण दबला होता, आणि अशा वेळी शस्त्रक्रियेचा हिशेब दिवसांत नव्हे, तासांत असतो. शस्त्रक्रिया झाली, तो चालतो, पण उजवे पाऊल ओढत, आणि आजही त्याला नळीशिवाय लघवी होत नाही.

कंबरदुखीबरोबर लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, बैठक बधिर होणे, पायातले किंवा हातातले बळ कमी होत जाणे, यांपैकी काहीही झाले तर १०८ ला फोन करावा. संध्याकाळचा ताप आणि घटते वजन यांसह पाठ दुखत असेल तर मणक्याचा क्षयरोग असू शकतो. वेळेत औषधे घेतली तर तो बरा होतो आणि त्याची औषधे सरकार मोफत देते. उतारवयातल्या बाईची पाठ बसच्या एका हादऱ्याने अचानक दुखू लागली तर ठिसूळ झालेला मणका दबला असण्याची शक्यता असते. आणि तरुण मुलाची पाठ सकाळी अर्ध्या तासाहून अधिक आखडलेली राहत असेल आणि हालचालीने मोकळी होत असेल, तर तो आळशी आहे असे म्हणण्याआधी त्याला संधिवाताच्या डॉक्टरांकडे न्यावे.

आरोग्य खात्याला माझ्या दोन विनंत्या आहेत. एमआरआयच्या अहवालाबरोबर, त्या वयाच्या न दुखणाऱ्या माणसांतही असे बदल किती आढळतात, हे सांगणारी एक ओळ मराठीत आणि कोकणीत द्यावी. आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारात वर लिहिलेल्या तातडीच्या लक्षणांचा फलक लावावा. त्यात ‘बैठक बधिर होणे’ हे शब्द सर्वांत मोठ्या अक्षरात असावेत, म्हणजे ते उच्चारायची कोणाला लाज वाटणार नाही. माझ्या मावसभावाच्या घरापासून आरोग्य केंद्र दीड किलोमीटरवर आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, डिचोली