आजीच्या खोलीचं सरकतं दार

विश्रामबाग, सांगली

चि. मेघना,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू दाराचं विचारलंस तेव्हा आजी शेजारीच बसली होती, म्हणून "बरं चाललंय" म्हणून विषय बदलला. बरं चाललेलं नाही. रात्री दार आपोआप सरकतं, दिवाणखान्यातला उजेड आजीच्या डोळ्यांवर येतो आणि लोटलं की खाली स्कर्टिंगला घासतं. काका म्हणतात, सुताराला बोलवा आणि बिजागरीचं जुनं दार परत लावा. मी साफ नाही म्हटलं. ते दार ओढायचं म्हणजे आजीला वॉकरसकट मागे सरकावं लागायचं, पडायची भीती तिथेच होती. तू रूळ वर घेतलास, वाटेत जमिनीवर काही ठेवलं नाहीस. हे नेहमीच्या सुताराला सुचलं असतंच असं नाही. तेव्हा दार तेच राहणार. मी त्याला हात लावलेला नाही. तुझं काम आहे, तूच पुरं कर.

रुळाची उंची तू दोन्ही टोकांना फरशीपासून मोजलीस ना? टेप खोटं बोलत नाही, पण फरशीच सपाट नाही. धुतलेलं पाणी वाहून जावं म्हणून घातली तेव्हाच तिला बाथरूमकडे उतार दिला होता. पाण्याच्या नळीने तपासलं, सहा फुटी रुळात नऊ मिलिमीटरचा फरक निघाला. मग दार उताराकडे जाणारच. या वेळी नळीनेच लेव्हल घे. दोन्ही तोंडं उघडी ठेव, आणि आत एकही बुडबुडा राहू देऊ नकोस, नाहीतर दोन्हीकडचं पाणी वेगळंच दाखवतं.

नुसता रूळ सरळ करून मात्र भागणार नाही. शिडीवर चढून बोल्ट हलवून पाहिले. दाराच्या वरचे पक्के आहेत, ते लिंटेलच्या, म्हणजे चौकटीवरच्या आडव्या तुळईच्या, काँक्रीटमध्ये गेलेत. पण लिंटेल चौकटीच्या पुढे सहाएक इंचच असतं. दार उघडून जिथे उभं राहतं तिथे मागे नुसती वीट आहे, आणि तुझ्या दोन गिट्ट्या विटांच्या सांध्यात बसल्यात. स्क्रू फिरवला की गिट्टीही फिरते. पस्तीस मिलिमीटरचं फ्लश डोअर सहज चाळीस किलो भरतं, आणि उघडल्यावर सगळा भार नेमका तिकडे जातो. दार काढताना तू, मी आणि काका, तिघं लागू. तेवढ्यात काकांचंही मत बदललं तर बरं.

यावर उपाय म्हणजे रुळामागे भिंतीला सलग सागवानी पट्टी. वखारभागातून वाळलेली बघून आणतो, ओलं लाकूड पिळवटतं. पट्टी लिंटेलमध्ये अँकर बोल्टने आणि पुढे विटेच्या पोटात लांब स्क्रूने धरायची. विटेत भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेव, वीट फुटते. पट्टीवर रूळ आला की त्याचे स्क्रू हवे तिथे घेता येतात आणि दारही भिंतीपासून पुढे येतं, म्हणजे स्कर्टिंगचं घासणं थांबतं. स्कर्टिंग बारा मिलिमीटर पुढे आहे, तेव्हा पट्टी वीसची पुरे. जाड घेतलीस तर कडेची फट वाढेल.

फट तशीही थोडी वाढणारच. दार तू चौकटीएवढंच घेतलंस, दोन्हीकडे निदान इंचभर जास्त हवं होतं. नवीन दार नको. बंद होतं त्या बाजूला भिंतीवर उभी पट्टी लाव, दार तिला येऊन टेकेल. दुसऱ्या बाजूला दाराच्याच पाठीला पट्टी मार. उजेड अडेल.

एक धोक्याचं. रुळाचं लांबचं टोक स्विचबोर्डच्या बरोबर वर येतं. तारा बोर्डातून सरळ वर जातात, त्या रेषेत भोक नको. मेन स्विचही बंद करू.

दार परत टांगलं की रोलरच्या नटाने उंची जुळव आणि वरचा लॉकनट घट्ट कर. खालचा गाईड त्यानंतरच. तो वाटेत नको, चौकटीच्या कडेला, दार सरकतं त्या बाजूला ठेव. दार उघडं असो की बंद, खाचेत राहतो आणि वॉकरला अडत नाही. दोन्ही टोकांना रबरी स्टॉपर हवेत, आत्ता एकही नाही. भिंतीकडच्या अंगाचं हँडल चौकटीला अडतं म्हणून दार पुरतं उघडत नाही, तिथे खोबणीतलं लाव. आतून कडी नको, बाहेरून उघडता येईल असं हुकचं कुलूप बघ.

दार उतरलेलं असेल तेव्हाच खालच्या-वरच्या कडांना प्रायमर आणि रंग दे, आत्ता त्या कोऱ्या आहेत. 2019 ला आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, तेव्हाची गावभागातल्या मावशीच्या घरची दारं आठवतात? पुरापुढे रंगाचं काय चालणार म्हणा, पण सगळी खालच्या कडेकडूनच उकलली होती. आपल्याकडे पूर नाही, पण फरशी पुसण्याचं पाणी रोजच लागतं.

शनिवारी सकाळी सुरू करू. आजी तोवर पुढच्या खोलीत बसेल आणि सूचना देईल, त्याची तयारी ठेव. ड्रिल शेजाऱ्यांकडून मागून ठेवतो. बिट मात्र तू नवीन आण, त्यांचं पार बोथट झालंय.

तुझा,
बाबा