कुंभाराचा ताज

पुणे,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय अरुण,

तुला फोन लावायला घेतला होता, पण हे फोनवर बोलून होणार नाही म्हणून लिहायला बसलोय. आज आईबरोबर 'शिराज' पाहिला. 1928 सालचा मूकपट आहे. लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने त्याची जुनी प्रत दुरुस्त करून 2017 मध्ये तो पुन्हा पडद्यावर आणला आणि अनुष्का शंकरने त्याला नवं संगीत दिलं. मागच्या महिन्यात मी एकट्याने पाहिला, तेव्हाच ठरवलं होतं की आई आली की तिला दाखवायचा. पाट्या इंग्रजीत, त्या मी वाचून मराठीत सांगत होतो. आई मेथी निवडता निवडता ऐकत होती. "नायक कुंभाराचा पोरगा आहे," म्हटलं तशी तिने परात बाजूला सारली आणि पुढे सरकून बसली.

गोष्ट अशी. एका काफिल्यावर दरोडा पडतो आणि एक तान्ही मुलगी तेवढी वाचते. एक कुंभार तिला उचलून घरी आणतो, सलीमा म्हणून वाढवतो. त्याचा मुलगा शिराज तिच्याबरोबर मोठा होतो आणि तिच्यावर जीव लावून बसतो. पुढे गुलामांचे व्यापारी तिला पळवून विकतात आणि ती पोचते शाहजादा खुर्रमच्या महालात. खुर्रम म्हणजे पुढचा शहाजहान. तोही तिच्या प्रेमात पडतो. शिराज तिच्या मागोमाग येतो, पण खुर्रमवर डोळा असलेल्या दालियाच्या कटात अडकतो. सलीमाबरोबर सापडला म्हणून त्याला शिक्षा होते, हत्तीच्या पायाखाली मरायची.

तो प्रसंग तू बघायलाच हवा. माणूस जमिनीवर पडलेला, वर हत्तीचा पाय आणि पडद्यावर आवाज कसलाच नाही. आईने माझं मनगट घट्ट धरलं होतं. तिच्या बांगड्यांचे वळ उमटले हातावर.

शिराज वाचतो. सलीमाच्या गळ्यातल्या ताइतावरून कळतं की ती राजघराण्यातली आहे. मग ती खुर्रमची बेगम होते, मुमताज महल होते. इथे माझा जीव तुटला रे अरुण. पहिला तासभर सिनेमा आपल्याला सांगतो की कुंभाराच्या घरची पोर शाहजाद्याला आवडली, त्याला तिच्या कुळाशी देणंघेणं नाही. आणि लग्नाची वेळ आली की तो ताईत काढून दाखवतो. म्हणजे ती मुळात त्यांच्यातलीच होती, कुठलीही वेस तिने ओलांडली नाही. वेस उरली ती एकट्या शिराजपुढे. त्याच्या गळ्यात कसला आलाय ताईत?

खऱ्या इतिहासात तर यातलं काहीच नाही. मुमताज म्हणजे अर्जुमंद बानू, आसफ खानाची मुलगी, नूरजहानची सख्खी भाची. 1612 मध्ये तिचं लग्न झालं ते तोलामोलाच्या घरात. म्हणजे त्यात हा कुंभार मुद्दाम घातला तो नाटककार निरंजन पालने. त्याच्या नाटकावरून हिमांशू रायने सिनेमा काढला, शिराजचं कामही स्वतःच केलं, आणि दिग्दर्शनाला जर्मनीचा फ्रान्झ ऑस्टेन होता. सगळं चित्रण हिंदुस्थानात, खऱ्या वाड्या-महालांत आणि खऱ्या उन्हात. ते ऊन पाहून मला आपल्या रावेरकडचा एप्रिल आठवला.

आणि हीच तिघं माणसं 1936 मध्ये मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये 'अछूत कन्या' करतात. तिथे मुलगी रेल्वे फाटकवाल्याची, अस्पृश्य, आणि मुलगा ब्राह्मणाचा. तिथे ताईत नाही, सुटकाही नाही. मुलगी गाडी थांबवायला धावते आणि मरते. मला वाटतं, पालच्या मनात 'शिराज'चं काहीतरी सलत राहिलं असणार. आठ वर्षांनी त्याने तो ताईत काढून टाकला. हा माझा अंदाज आहे, पण मला तो सोडवत नाही.

आता शेवट. वर्षं सरतात, मुमताज जाते. बादशहाला तिच्यासाठी अशी इमारत हवी असते, जी कुणीच कधी पाहिली नसेल. पसंत पडतो तो नमुना एका म्हाताऱ्या, आंधळ्या माणसाचा. शिराजचा. आयुष्यभर जिचं नाव घेता आलं नाही, तिची कबर तो हातांनी चाचपून उभी करतो. बादशहाच्या नावावर ताजमहाल झाला, पण आकार त्या हातांतला.

आई तेव्हा काहीच बोलली नाही. सिनेमा संपल्यावर स्वयंपाकघरात गेली आणि तिथून म्हणाली, "तू नाही का ती मडकी रंगवलीस."

मला वाटायचं, तिला कधी कळलंच नाही.

तुला सगळं ठाऊक आहे. केळीच्या बागा असलेलं ते घर, तू पोचवलेल्या चिठ्ठ्या, त्यांना कळल्यावर आबांना वाड्याबाहेर उभं करून जे ऐकवलं ते. आणि मग तिच्याच लग्नाची मडकी आमच्याकडे सांगायला आले, कारण गावात कुंभाराचं घर एकच. बोहल्याच्या चारही कोपऱ्यांना रचायच्या उतरंडी. आबा म्हणाले, "तू हात लावू नकोस, मी करतो." पण आव्यातून भाजलेली मडकी उतरवल्यावर रात्री मीच बसलो. चुन्याचे पट्टे ओढले, वर गेरूची वेल काढली. एकेका मडक्यावर इतका वेळ घातला की उजाडलं. सगळ्यांत वरच्या छोट्या मडक्यावर आतल्या बाजूने, जिथे कुणी बघणार नाही, एक मोगऱ्याचं फूल काढलं. सकाळी तू बैलगाडी घेऊन आलास, खाली पेंढा घातलास, आणि वाटेत माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. त्याबद्दल तुझे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत, आज लिहितोय. त्या दिवशी तू काहीही बोलला असतास तर मी गाडीतून उतरून पळालो असतो.

आबा गेले तेव्हा त्यांच्या मडकी ठोकायच्या थापीवर अंगठ्याचा खळगा पडलेला होता. ती थापी माझ्याकडे आहे, टेबलावर, आत्ता हाताशी. शिराजला आंधळेपणी काय दिसत असेल ते या खळग्यात अंगठा ठेवला की मला थोडंफार उमगतं.

ऐक, एक मनात आहे. मुमताज आग्र्यात वारली नाही, आपल्या शेजारी बऱ्हाणपूरला वारली, 1631 मध्ये, चौदाव्या बाळंतपणात. तापीपलीकडे जैनाबादेत आहुखाना आहे, मुघलांची हरणांची बाग. सहा महिने तिला तिथेच ठेवलं होतं, मग आग्र्याला नेलं. लहानपणी आपण बऱ्हाणपूरला इतक्यांदा गेलो, पण पलीकडे कधी गेलोच नाही. दिवाळीनंतर मी आईला पोचवायला गावी येतोय. तू दोन दिवस काढ. सकाळच्या गाडीने रावेरहून जाऊ, नदी ओलांडू. आबांची थापी मी सोबत आणणार आहे.

रजेचं काय ते लगेच कळव. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
विनू