सूचना: आता तीन वेगळे गट

सदस्यहो,

आपली संख्या वाढली तसा एकाच गटात कोलाहल होऊ लागला आहे. परवा एका नव्या सदस्याचं इन्स्टॉलेशन अर्ध्यावर अडकलं. त्याने विचारलं खरं, पण सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीवरच्या चर्चेत तो प्रश्न बुडाला आणि दोन दिवस कुणी बघितलाच नाही. हे पुन्हा व्हायला नको.

म्हणून आता घोषणा, मदत आणि विकास असे तीन गट. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पातही घोषणा, वापरकर्ते आणि विकसक यांच्या जागा वेगळ्या आहेत. ‘घोषणा’मध्ये फक्त संचालक लिहितील. याहून जास्त गट सध्या नकोत, ओस पडलेल्या गटातला प्रश्न कोण वाचणार?

मदत मागताना विषयात नुसतं ‘अर्जंट’ लिहू नका. ‘अपडेटनंतर प्रिंटर दिसत नाही’ असं नेमकं लिहा. ऑपरेटिंग सिस्टिम आणि आवृत्ती सांगा. एरर मेसेज कॉपी करून टाका, स्क्रीनशॉटमधला मजकूर नंतर शोधता येत नाही. आणि अडचण सुटली की कशी सुटली तेही तिथेच लिहा, ही कळकळीची विनंती. ‘झालं, धन्यवाद’ वाचून पुढच्या माणसाच्या हाती काहीच लागत नाही.

सुरक्षेतली त्रुटी आढळली तर ती कुठल्याच गटात टाकू नका. संचालकांना खाजगीत कळवा. दुरुस्ती येण्याआधी ती उघड झाली, तर सगळ्याच वापरकर्त्यांना धोका असतो.

जुना गट वाचायला खुला राहील, लिहायला बंद.