चिलट वेगळं, आंब्याची फळमाशी वेगळी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत फळमाशी विषाणूंशी कशी लढते यावर मजकूर आला. विषय मोलाचा, पण सोबत छायाचित्र होतं हापूसला डंख करणाऱ्या फळमाशीचं. दुसऱ्याच दिवशी शेजारचे बागायतदार तो अंक घेऊन आले. म्हणाले, "बाई, हिका रोगच लागना नाय, तर मगे सापळे कित्याक लावचे?"

शास्त्रज्ञांची ही माशी म्हणजे ड्रोसोफिला, आपलं चिलट. जेमतेम तीन मिलिमीटरचं, लाल डोळ्यांचं, काजूच्या बोंडूंच्या ढिगावर घोंघावणारं. ते कुजू लागलेल्या फळावर जगतं, झाडावरचा हापूस नासवत नाही. शाळेत शिकवत असताना मी जॅमच्या बाटलीत पिकलेलं केळं घालून चिलटं वाढवत असे. तोंडाला कापसाचा बोळा. आठवडाभरात अळ्या काचेवर चढून कोष करायच्या आणि मुलं भिंगासाठी भांडायची.

या जिवाला आपल्यासारखी प्रतिपिंडं बनवता येत नाहीत, तरी ते विषाणूला अचूक ओळखतं. पेशीत शिरलेला विषाणू आपल्या नकला काढू लागला की लांब दुपदरी आरएनए, म्हणजे जनुकीय संदेशाची अक्षरमाळ, तयार होतो. डायसर-२ नावाचं प्रथिन त्याचे २१ अक्षरांचे तुकडे पाडतं. त्यातला एकेक पदर आर्गोनॉट-२ हे दुसरं प्रथिन जवळ ठेवतं आणि त्याच्याशी जुळणारा विषाणूचा आरएनए सापडला की कापून टाकतं. म्हणजे शत्रूच्याच कपड्याची चिंधी हुंगून त्याला शोधायचं! विषाणूही गप्प बसत नाहीत. ड्रोसोफिला सी विषाणूचं एक प्रथिन दुपदरी आरएनएला असं बिलगतं की डायसरला तो कापताच येत नाही.

मजकुरात ज्यूल्स हॉफमन यांच्या २०११च्या नोबेलचा उल्लेख याच संदर्भात आला आहे. पण चिलटाच्या प्रतिकारशक्तीतल्या टोल जनुकावरचं त्यांचं १९९६चं काम बुरशीच्या संसर्गाबद्दल होतं. तेवढं दुरुस्त व्हावं.

हे मी पोटतिडकीने लिहिते आहे. गेल्या श्रावणात माझी नात डेंग्यूने सहा दिवस दवाखान्यात होती. रोज प्लेटलेटचा आकडा येईपर्यंत घशाखाली घास उतरत नसे. हा विषाणू वाहणारा एडिस डासही अंगातला विषाणू याच कात्रीने आवरून धरतो. वोल्बाकिया हा जिवाणू अंगात असेल तर विषाणूपासून रक्षण होतं, हे २००८ साली आधी चिलटात दिसलं. पुढे तो एडिस डासांत घालून ते डास इंडोनेशियातल्या योग्यकार्ता शहरात सोडले, तेव्हा तिथले डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी कमी भरले. बोंडूंवरच्या चिलटाने एवढं दिलं आहे.

तेव्हा दोन्ही माशांची छायाचित्रं शेजारी शेजारी देऊन खुलासा छापावा, आणि तो याच आठवड्यात. आंबे तयार होत आले आहेत, शेजाऱ्यांचे सापळे अजून पडवीतच आहेत.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, देवगड