वढवाणा तलावाचे संवर्धन आणि काठचा शेतकरी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

थंडी पडली की वडोदऱ्यातील मराठी कुटुंबांपैकी बरीच मंडळी रविवारी सकाळी डभोईजवळच्या वढवाणा तलावाकडे जातात. 2021 साली या तलावाला रामसर क्षेत्राचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाल्यापासून तेथील गर्दी वाढली आहे आणि त्याचा आनंदच आहे. परंतु सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, 1910 च्या सुमारास, बडोदा संस्थानाने हा तलाव बांधला तो आसपासच्या गावांच्या शेतीला पाणी मिळावे म्हणून; पक्षी नंतर आले. ज्यांच्यासाठी तो बांधला त्या शेतकऱ्यांना आजच्या संवर्धनात कोणते स्थान आहे, याविषयी फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

'शेतकऱ्याला पक्ष्यांचे काय पडले आहे?' असे शहरात सर्रास ऐकू येते. हे मला मुळीच मान्य नाही. शेजारच्या खेडा जिल्ह्यात सारस पक्षी भाताच्या खाचरात घरटे करतो, आणि त्याच्या राखणीचे काम गावातलेच लोक करतात. अंडी फुटून पिल्ले बाहेर पडेपर्यंत घरट्याभोवतीचा भात न कापणारे शेतकरी त्या भागात आहेत. इच्छा आहेच. मात्र पक्षी राखण्याचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या अंगावर पडू लागला की ती इच्छा किती काळ टिकेल, हा खरा प्रश्न आहे.

हा खर्च कसा होतो ते तलावालगतच्या गव्हाच्या शेतात उभे राहिल्यावर कळते. पट्टकादंब आणि कलहंस हे हिवाळ्यात येणारे हंस दिवसाचा बराच वेळ पाण्यावर काढतात आणि अंधार पडल्यावर थव्याने शेतात उतरून कोवळा गहू व हरभरा चरतात. सकाळी बांधाकडच्या ओळी कात्रीने कापाव्यात तशा एकसारख्या खुडलेल्या दिसतात आणि सरींमध्ये हिरवट विष्ठा पडलेली असते. असा गहू बहुधा पुन्हा फुटतो, पण मागे पडतो, आणि नुकसान किती झाले ते मळणीच्या वेळीच समजते. गुजरात सरकारने 2020 मध्ये केंद्राची पीकविमा योजना सोडून मुख्यमंत्री किसान सहाय योजना सुरू केली. ती खरीप पिकांसाठी असून दुष्काळ, अतिवृष्टी आणि अवकाळी पाऊस एवढ्याच आपत्तींचा विचार करते. म्हणजे रब्बीच्या गव्हात उतरलेल्या हंसांना त्या योजनेत जागाच नाही. ज्या पक्ष्यांमुळे तलावाचे नाव जगाच्या नकाशावर गेले, त्यांच्या चाऱ्याचा खर्च काठावरच्या दोन-चार एकरांच्या धन्याने सोसावा, हा उघड अन्याय आहे.

दुसरी बाब पाण्याची, आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची. पेरणीनंतर सुमारे 21 दिवसांनी, मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी, गव्हाला पाणी मिळालेच पाहिजे. नेमक्या त्याच सुमारास तलावावर पक्ष्यांची गर्दी वाढत असते. यावरून पक्षी आणि शेती यांचे जन्माचे वैर आहे अशी समजूत करून घेतली जाते, ती चुकीची आहे. डुबी मारणाऱ्या बदकांना खोल पाणी लागते हे खरे, पण तुतवारांसारखे चिखलात चोच घालणारे पक्षी पाणी हळूहळू ओसरून काठ उघडा पडल्यावरच पोट भरतात. कालव्याने बेताबेताने पाणी सोडले तर दोघांचेही भागते. एकदम सोडले किंवा एकदम अडवले तर दोघांचीही पंचाईत होते. आवर्तनाच्या, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या, तारखा पेरणीपूर्वी ठरवून गावात लावल्या, तर कोणते पीक घ्यायचे हे शेतकऱ्याला आधीच ठरवता येईल. लोकसहभागी सिंचनाचा 2007 चा कायदा राज्यात आहे, पियत मंडळीची, म्हणजे शेतकऱ्यांच्या पाणीवाटप संस्थेची, कल्पना येथील शेतकऱ्यांना परकी नाही. तेव्हा या तारखा वनखाते, सिंचनखाते आणि शेतकरी यांनी एकत्र बसून ठरवण्यास काय अडचण आहे?

तिसरी गोष्ट भीतीची. पाणथळ जागांविषयीच्या 2017 च्या नियमांतून केवळ सिंचनासाठी बांधलेली कामे वगळलेली आहेत, परंतु रामसर यादीतील जागांना ते नियम लागू होतात. पाणथळीबरोबर तिचे प्रभावक्षेत्रही, म्हणजे जिथल्या कामांचा तिच्यावर परिणाम होतो तो भोवतालचा भागही, आखायचे असते. आपली जमीन या रेषेच्या आत जाते की बाहेर, उद्या विहीर खणता येईल का, गोठा बांधता येईल का, हे साध्या गुजरातीत, नकाशासह, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागल्याशिवाय कोणता शेतकरी मनापासून सहभागी होईल? अमेरिकेत 1990 च्या शेती कायद्याने पाणथळ जमीन राखणाऱ्या शेतकऱ्यांशी करार करण्याची सोय केली, त्यात मुदत व मोबदला आधी लेखी ठरतो आणि जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते. तेथील शेते मोठी, येथील तुकडे लहान, त्यामुळे ती योजना जशीच्या तशी येथे चालणार नाही. पण आधी लेखी हमी आणि मग अपेक्षा, हा क्रम आपणही पाळू शकतो.

2023-24 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या अमृत धरोहर योजनेत स्थानिक लोकांना पाणथळींचे राखणदार मानले आहे. तेव्हा संबंधित खात्यांनी दिवाळीपूर्वी वढवाण्याचे पाणी मिळणाऱ्या गावांमध्ये सभा घ्यावी, पाण्याच्या तारखा आणि प्रभावक्षेत्राचा नकाशा तेथे मांडावा, आणि तलावाला लागून असलेल्या शेतांतील रब्बीच्या नुकसानीचा पंचनामा मळणीच्या वेळी करून भरपाई देण्याची तरतूद करावी, अशी आग्रहाची विनंती आपल्या वृत्तपत्राद्वारे करीत आहे.

आपला,
एक नियमित वाचक
दांडिया बाजार, वडोदरा